वरच्या मजल्यावरचा इंग्रज

मी डॉक्टरेटसाठी स्टुटगार्टला गेलो तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझा विषय होता मोटारीच्या इंजिनाचा आवाज. तो निघतो कुठून, पत्र्यातून पसरतो कसा आणि कमी कसा करता येईल. वडिलांनी एकदा पत्रात विचारलं होतं, ‘आवाज ऐकायला इतक्या लांब जायची काय गरज होती?’

शहर खोलगट वाटीसारखं आणि घरं तिच्या कडांवर. मला खोली मिळाली ती अशाच एका चढावर, एका विधवा बाईंच्या घरी. त्यांचे यजमान रशियाच्या आघाडीवर गेले ते परत आलेच नाहीत. स्वयंपाकघरात कपाटाच्या काचेला एका मुलीचा फोटो लावलेला होता. दोन वेण्या, हसताना पुढचा एक दात पडलेला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ती आजीकडे, म्हणजे बाईंच्या सासूकडे, राहायला गेली होती, शहराच्या मध्यभागी. बॉम्बहल्ला झाला तेव्हा आजी आणि नात दोघी घराच्या तळघरात होत्या. बाई इथं वर, चढावर. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं, जिना झाडायची पाळी कशी असते हे समजावतात त्याच आवाजात. तिकडे त्या पाळीला केअरवोख म्हणतात, आणि ती चुकवणाऱ्याला माफी नाही.

मी त्या काळात सगळ्यालाच घाबरायचो. प्रोफेसरांना, परदेशी लोकांच्या परवान्याच्या कचेरीला, ट्रॅममध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाला, आणि बाईंना तर सगळ्यांत जास्त.

माझ्या डोक्यावरच्या खोलीत एक इंग्रज गृहस्थ राहायचे. वय असेल छत्तीस-सदतीस. उंच, काटकुळे, कान जरा जास्तच मोठे. विनोद करून लोकांना हसवणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावांत उन्हाळी थिएटरं चालतात, तिथं जादूगार आणि नाचणाऱ्या मुली यांच्यामधली बारा मिनिटं त्यांची असायची. ते काम आटत गेलं तेव्हा एजंटानं त्यांना जर्मनीत पाठवलं, अमेरिकन सैनिकांच्या क्लबात. स्टुटगार्टच्या आसपास तशा छावण्या बऱ्याच होत्या. सैनिक त्यांच्या विनोदांना हसत नसत, पण त्यांच्या उच्चारांना हसत. “हसतात ना,” ते म्हणायचे, “कशाला हसतात ते मी विचारत नाही.”

आम्ही इंग्रजीत बोलायचो. इंग्रजीत तू काय आणि तुम्ही काय, एकच. पण आज आठवताना माझ्या तोंडी त्यांच्यासाठी ‘तुम्ही’च येतं आणि त्यांच्या तोंडी माझ्यासाठी ‘तू’.

जर्मन त्यांनी फार लवकर उचललं. व्याकरण सगळं मोडकं, पण बोलणं बिनधास्त. बाई त्यांच्या ‘आल्झो’ आणि ‘गेनाऊ’ला, म्हणजे ‘तर मग’ आणि ‘अगदी बरोबर’ला, खळखळून हसायच्या. तेवढ्यासाठी त्या त्यांना रविवारी केकचा मोठा तुकडा द्यायच्या आणि मला लहान. मला त्याचं वाईट वाटत नसे. बाईंना हसताना पाहिलं की घरात जरा हायसं वाटायचं.

शहराच्या कडेला एक टेकडी आहे. लढाईत पडलेल्या घरांचा सगळा राडारोडा तिच्यावर नेऊन टाकला, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा कितीतरी उंच झालेली आहे. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं फिरायला म्हणून तिच्यावर गेलो. माथ्यापाशी मोठमोठे कोरीव दगड पडलेले होते, कुठल्या कमानीचा तुकडा, कुठल्या खिडकीची चौकट. इंग्रज गृहस्थ एका दगडावर हात ठेवून थांबले. मला वाटलं दम लागला.

“मी वर होतो,” ते म्हणाले.

“इथं? याआधी आला होतात?”

“इथं नाही. वर.” त्यांनी बोट आकाशाकडे केलं. “नकाशा माझ्या मांडीवर असायचा. विमान कुठं न्यायचं ते मी सांगायचो.”

मी मनात वर्षं मोजली. मग मी विचारलं, “चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात?”

त्यांनी मान हलवली. “एजंटानं गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. का नाही म्हटलं ते माहीत नाही. आलो ते आलो, आणि खोली मिळाली ती त्या बाईच्या घरात. तो फोटो मी रोज पाहतो. तू कोणाला सांगू नकोस.”

मी शब्द दिला. त्या दिवसापासून मी बाईंना टाळू लागलो. बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या असतील तर मी दारातूनच नमस्कार करून सटकायचो. आपल्या चेहऱ्यावर लिहिलेलं त्या वाचतील असं वाटायचं. वरती गृहस्थांच्या बुटांचा आवाज आला आणि बाई हसून छताकडे बघत म्हणाल्या, “उठले वाटतं आपले साहेब,” की मी ताटात मान घालायचो.

त्याच हिवाळ्यात त्यांचं नशीब उघडलं. टेलिव्हिजनच्या एका माणसानं त्यांना कुठल्याशा क्लबात पाहिलं. संध्याकाळी सहा वाजता खेळाचा एक नवा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. टेपवर एखादा आवाज ऐकवायचा, खेळायला आलेल्यांनी तो कशाचा ते ओळखायचं. सूत्रधार म्हणून टेलिव्हिजनवाल्यांना मोडकं जर्मन बोलणारा इंग्रज हवा होता, म्हणजे चुकलं तरी लोक हसतील. आणि आवाज गोळा करायला कोणीतरी पाहिजे होतं. गृहस्थांनी माझं नाव सुचवलं.

प्रोफेसरांनी परवानगी दिली, हेच मला खरं वाटेना. मी जड टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावभर हिंडू लागलो. पावाच्या दुकानातलं कणीक मळायचं यंत्र, ट्रॅमचा दरवाजा, कात्रीनं कापलं जाणारं कापड. काही आवाज मी निम्म्या वेगानं वाजवायचो, म्हणजे ते खालच्या पट्टीत उतरायचे आणि ओळखू यायचे नाहीत. कार्यक्रम थेट दाखवला जायचा, चूक झाली तर पुसायची सोय नव्हती. मी पडद्यामागे कानांना हेडफोन लावून यंत्राशेजारी उभा राहायचो.

कार्यक्रम लोकांना आवडला. दुकानात, रस्त्यावर लोक गृहस्थांना थांबवायचे. हसून बोलायचे, सही घ्यायचे. खोली मात्र त्यांनी सोडली नाही. मी एकदा विचारलं, “आता तुम्हाला कुठंही चांगली जागा मिळेल. इथं का राहता?”

“निघून गेलो तर बाई विचारतील का जाता म्हणून,” ते म्हणाले. “खरं सांगता येणार नाही, आणि खोटं मला त्यांच्या तोंडावर बोलवत नाही.”

जसजसं नाव झालं तसतशी त्यांची भीती वाढत गेली. पूर्वी त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आता पुष्कळ लोक चेहऱ्यानं ओळखायला लागले होते. उद्या एखादा वर्तमानपत्रवाला लढाईत काय करत होता म्हणून विचारणारच. कार्यक्रमाच्या आधी ते स्टुडिओच्या मोरीत जाऊन उलटी करायचे. मग तोंड धुऊन, टाय सरळ करून हसत दिव्यांत शिरायचे. हे फक्त मला माहीत होतं.

खेळायला यायचं असेल त्यानं टेलिव्हिजनला कार्ड पाठवायचं, त्यातून नावं निवडली जायची. वसंतात एका दुपारी गृहस्थ माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं. हातात पुढच्या आठवड्याची यादी. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या बाईंचं नाव होतं. आम्हाला न सांगता त्यांनी कार्ड टाकलं होतं.

“तू त्यांना थांबव,” ते म्हणाले. “माझ्यासमोर त्या उभ्या राहिल्या तर मी त्यांना कुठं राहता, घरी कोण असतं, असं विचारायचं. तीच सुरुवात असते. मी कसं विचारू?”

मी स्वयंपाकघरात गेलो. बाई खिडकीच्या काचा पुसत होत्या. मी म्हटलं, तिथं दिव्यांची उष्णता फार असते, माणसाला चक्कर येते. त्या म्हणाल्या, “मला नाही येत.” मी म्हटलं, थेट दाखवतात, बोलायला सुचत नाही. “जा, जा. मला न सुचायला काय झालं? कोण काय विचारणार, आपलेच साहेब ना?” मग त्यांनी फडकं पिळलं आणि जरा लाजत सांगितलं की केस सेट करायची वेळही त्यांनी ठरवून ठेवली आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. मी तसाच वर आलो.

त्या आठवड्यासाठी मी जमवलेल्या आवाजांत एक मधमाश्यांचा होता. द्राक्षाच्या मळ्याशेजारी एका म्हाताऱ्यानं पेट्या पाळल्या होत्या, तिथं जाऊन पेटीजवळ मायक्रोफोन धरला होता. निम्म्या वेगानं वाजवला तेव्हा तो मला फार सुंदर वाटला होता. खोल, भरलेला, हळूहळू चढणारा आणि उतरणारा. प्रयोगशाळेत मी तो तीनदा ऐकला. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. मी पुण्यात वाढलेला माणूस, माझ्या डोक्यावरून तसलं काही कधी गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई निळ्या पोशाखात आल्या. केस नीट बसवलेले, छातीवर लहानसा ब्रोच. गृहस्थांनी सुरुवातीचे प्रश्न विचारलेच नाहीत, थट्टा करून वेळ मारून नेली. “ह्या बाई माझ्या घरमालकीण. हरल्या तर मला रस्त्यावर राहावं लागेल.” लोक हसले. बाईही हसल्या. पहिला आवाज त्यांनी ओळखला, दुसराही ओळखला. मला वाटलं, निभावलं. मी तिसरा लावला.

मधमाश्या सुरू झाल्या. छोट्या खोलीत जे मला गोड वाटलं होतं, ते स्टुडिओच्या मोठ्या कर्ण्यांतून वेगळंच निघालं. जमिनीतून पायात शिरल्यासारखं. पडद्याच्या फटीतून मला बाईंचा चेहरा दिसत होता. हसू आधी ओठांवरून गेलं, मग रंग गेला. त्यांनी वर पाहिलं, छताकडे, दिव्यांच्या पलीकडे.

“विमानं,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ विमानं.”

प्रेक्षकांत कोणी हललं नाही. पंचविशीच्या पुढच्या सगळ्यांच्या माना मला वर वळलेल्या दिसल्या.

आता गृहस्थांनी नुसतं ‘चूक, मधमाश्या’ एवढंच म्हणायचं होतं. कार्ड त्यांच्या हातात होतं, उत्तर त्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. “नाही, बाई,” ते म्हणाले. “ह्या मधमाश्या आहेत. विमानाचा आवाज आतून असा येत नाही.”

लोक हसले. त्यांना ती नेहमीचीच थट्टा वाटली.

बाई हसल्या नाहीत. “तुम्ही आत होतात?”

“हो.”

“कुठं?”

“इथंच,” ते म्हणाले. “ह्याच शहरावर.”

मग हसू थांबलं, पण एकदम नाही. आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या, मागे कोणीतरी थोडा वेळ हसत राहिलं. आणि मधमाश्या चालूच होत्या. मला टेप थांबवायची होती. बटण माझ्या बोटाखाली होतं. दिग्दर्शक कानात ओरडत होता, बंद कर, बंद कर. माझं बोट हलेना. शेवटी कोणीतरी येऊन यंत्राची पिनच ओढली. टेलिव्हिजनवर तोपर्यंत एका कारंज्याचं चित्र लागलं होतं आणि खाली दिलगिरीची ओळ.

बाईंनी आपला कोट स्वतः शोधला आणि कोणाशी न बोलता बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागं गेलो, पण एकाच डब्यात चढायची हिंमत झाली नाही. ट्रॅमच्या मागच्या डब्यातून मी त्यांचे बसवलेले केस बघत राहिलो. बाहेर अजून चांगला उजेड होता, लोक बागांना पाणी घालत होते. घरी पोचलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसल्या होत्या.

“तुम्हाला माहीत होतं?”

खोटं बोलावं असं वाटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांना खरं वाटलं असतं. “हो,” मी म्हटलं. “सहा-सात महिने झाले.”

“आणि तो आवाज तुम्हीच आणलात.”

“त्या खरोखर मधमाश्याच आहेत. मला अंदाज आला नाही. खरंच आला नाही.”

“हे मला पटतं,” त्या म्हणाल्या. “माहीत असून सांगितलं नाहीत, ते पटत नाही.” आणि त्यांनी तोंड फिरवलं.

त्या रात्री काय, पुढच्या दोन्ही दिवशी गृहस्थ घरी आले नाहीत. मी मनाशी काय काय चित्रं रंगवली. परवान्याची कचेरी मला बोलावून घेईल, प्रोफेसर काढून टाकतील, बाई सामान बाहेर ठेवतील. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दाराला कान लावायचो. प्रोफेसरांनी एवढंच विचारलं, “टेप निम्म्या वेगानं का लावली होतीस?” आणि मी सांगितल्यावर ते उठून खिडकीशी गेले. ते त्याच गावचे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ आले. दाढी वाढलेली. बाईंनी त्यांची बॅग जिन्याच्या पायथ्याशी भरून ठेवलेली होती. उघडीच होती, वरच्या थरात त्यांचे शर्ट दिसत होते. सगळे इस्त्री केलेले. बाई दारात उभ्या राहिल्या. मी माझ्या खोलीच्या दारात, आत जावं की थांबावं या विचारात.

“एकच विचारते,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नकाशावर आमची गल्ली होती?” त्यांनी सासूबाईंच्या गल्लीचं नाव घेतलं.

“गल्ल्या नव्हत्या,” ते म्हणाले. “नदी होती. स्टेशन होतं. गल्ल्या दिसत नाहीत वरून.”

“म्हणजे तुम्ही तिला बघितलं नाहीत.”

“नाही.”

बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. गृहस्थांनी बॅग बंद केली. मी ती ट्रॅमच्या थांब्यापर्यंत उचलून नेली. वाटेत ते एकदाच बोलले. “आता मोरीत जावं लागणार नाही,” ते म्हणाले. पण त्यांना गाडीच्या पायरीवर नीट पाय ठेवता आला नाही.

टेलिव्हिजनकडे पत्रांचा ढीग आला असं नंतर कळलं. शिव्यांची पत्रं होती, आणि शाबासकीचीही. शाबासकीच्या पत्रांची त्यांना जास्त भीती वाटली, असं त्यांनी मला लिहिलं. कार्यक्रम आणखी काही आठवडे दुसऱ्याच सूत्रधारासह चालला आणि बंद पडला. गृहस्थ हॅम्बुर्गला गेले. तिथल्या एका लहान नाट्यगृहानं त्यांना घेतलं. आधी हॉटेलातला परदेशी पाहुणा, मग चुकीच्या दारातून शिरणारा इंग्रज लॉर्ड, मग थोडी मोठी कामं. स्वतःचे विनोद सांगणं त्यांनी सोडलंच म्हणायचं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘इथं वाक्यं दुसऱ्यानं लिहून दिलेली असतात. रोज तीच. त्यांच्या बाहेर पाऊल पडायची भीती नाही, त्यामुळे जेवण पचतं.’

मला बाईंनी घराबाहेर काढलं नाही. पण साधारण चार महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. रविवारचा केक बंद झाला. मी दुसरी खोली बघत होतो. मग एकदा मला फ्लू झाला. त्या सूप घेऊन वर आल्या आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, “तुम्ही तेव्हा खोटं बोलला असतात तर आज हे सूप नसतं.” एवढंच. सूप खारट होतं, मी सगळं प्यायलो.

डॉक्टरेट झाली, मोटारीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं. पत्नी पुण्याहून आली तेव्हा साठचं दशक निम्मं संपलं होतं. एका रविवारी बाईंनी आम्हाला दोघांना कॉफीला बोलावलं. त्यांनी आता स्वतःचा टेलिव्हिजन घेतला होता. “आज एक नाटक दाखवणार आहेत,” त्या म्हणाल्या. कुठलं, कोणाचं, ते सांगितलं नाही.

नाटकात एक म्हातारा शाळामास्तर होता. एका खोलीत बसून चौकशी करणाऱ्या माणसांची वाट बघणारा. केस पांढरे केलेले, पण ते कान मी लगेच ओळखले. मी बाईंकडे बघितलं नाही, बघायचा धीरच झाला नाही. त्यांच्या विणकामाच्या सुया चालू होत्या एवढं ऐकू येत होतं. मास्तर खुर्चीवरून उठतो, दाराशी जातो, परत येतो. जवळजवळ काहीच बोलत नाही. मला जर्मन शब्दांची गरजच पडली नाही, आणि पत्नीला तर अजून भाषाही येत नव्हती. ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “अहो, हा माणूस खराच घाबरलाय का?”

नाटक संपलं. बाईंनी उठून टेलिव्हिजन बंद केला. “चांगलं करतात,” त्या म्हणाल्या. “पूर्वीपेक्षा चांगलं.” मग कॉफीचे कप गोळा करता करता मला विचारलं, “त्यांचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

मी खिशातल्या वहीतलं पान फाडून लिहून दिला. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवला. चढावरून खाली उतरताना मी पत्नीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ट्रॅम आली तरी आम्ही चढलो नाही, पुढची येऊ दिली.

बाईंनी पत्र लिहिलं की नाही, मला कळलं नाही. पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो, गृहस्थांचीही नाताळाला कार्डं येत राहिली. दोघांनीही त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. आणि विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.